तळातली ओळ

मन्मथ फोनवर ‘आपलं’ म्हणाला आणि नागसेनच्या बोटाला सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकाचा चटका बसला. सव्वीस वर्षांनी हा आवाज कानावर पडत होता, आणि पहिल्याच वाक्यात हा शब्द. ‘‘नागसेन, आपलं पहिलं मशीन परत उभं करायचं बघ. कॉलेजात जुन्या कॉम्प्युटरचं दालन करायलोत आम्ही. सगळ्यात पुढं आपलं मशीन ठेवायचं, चालू हालतमधी. त्याच्यावर ‘गुणवंत’ चालवून दाखवायचं पोरांना. तुझ्याशिवाय कोण करणार हे?’’ मन्मथ हलकुडे आता लातूरच्या एका शिक्षणसंस्थेचा अध्यक्ष होता. त्याच्या नावाआधी लोक पाच-सहा विशेषणं लावत. नागसेनचं नांदेडला वजिराबादेत दुरुस्तीचं दुकान होतं, आणि दुकानात आताशा प्रिंटरची शाई भरणं आणि कॅमेरे बसवणं एवढंच काम उरलं होतं. त्यानं बोट तोंडात धरलं. नाही म्हणायला हवं, हे त्याला कळत होतं. सव्वीस वर्षं तो या फोनला काय उत्तर द्यायचं ते मनात घोळवत आला होता; आंघोळ करताना, गाडी चालवताना, कुणाच्या मयतीला उभा असताना. त्यातलं एकही वाक्य त्या वेळी जिभेवर आलं नाही. ‘‘त्या मशीनची डिस्क माझ्यापाशी हाय,’’ मन्मथ म्हणत होता, ‘‘लई जपून ठेवली मी. ड्रायव्हरसंगं पाठवतो.’’ नागसेन म्हणाला, ‘‘हाव. पाठव.’’

घरी सांगितलं तेव्हा त्याची बायको मनिषा भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. ‘‘त्या माणसाचं काम? तुम्ही?’’ तिला ती गोष्ट पाठ होती. शहाण्णव साली या दोघांनी लातूरला औसा रोडवर पत्र्याची खोली घेऊन शाळांसाठी मराठीतून गुणपत्रक छापणारा ‘गुणवंत’ नावाचा प्रोग्राम केला होता. तो सगळाच्या सगळा नागसेननं लिहिला, मन्मथ शाळाशाळांतून फिरून तो खपवायचा. प्रत्येक गुणपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ यायची : ‘संगणक रचना : नागसेन व्यंकटी सोनकांबळे’. मग एके दिवशी मन्मथनं ती ओळ काढून टाकली, नागसेन भांडला, आणि एका पिशवीत कपडे भरून नांदेडला निघून आला. ही गोष्ट मनिषानं आपल्या शाळेच्या स्टाफरूममध्ये सांगितली होती, बहिणींना सांगितली होती. लेकीला, धम्मप्रियाला, तर ती गोष्ट बारशापासून ऐकवल्यासारखीच झाली होती. आता ती पुण्याला एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिला फोन केला तर तिचा आवाज चढला. ‘‘पप्पा, कराच तुम्ही. त्यांच्याच कॉलेजात, त्यांच्याच स्टेजवर तुमचं नाव स्क्रीनवर येऊ द्या. मी येते लातूरला. मी विचारते त्यांना सगळ्यांसमोर.’’ नागसेनच्या छातीत काहीतरी गरम झालं. अभिमान असावा. तसं तो धरून चालला.

पुढचे दोन महिने तो भंगारात फिरला. देगलूर नाक्याला गौसचाचाकडे बुडाशी गंज चढलेल्या डब्यांचा ढीग होता. त्यातून हिरवट पडलेला एक मदरबोर्ड निघाला, मेमरीच्या चार पट्ट्या निघाल्या, काळ्या जाड केबली निघाल्या. गौसचाचा बिडी ओढत बघत बसायचा. ‘‘नागसेनभाई, लोगां सोना निकालने को ले जाते ये बोर्डां. तुम चलाने को ले जा रै. दिमाग तो बरोबर है ना?’’ नागसेन हसला. एवढं मोकळं तो कित्येक दिवसांत हसला नव्हता. सगळ्यात अवघड होतं ते पडद्यावर मराठी अक्षरं उमटवणारं कार्ड. त्या काळात त्या कार्डाशिवाय कॉम्प्युटरला मराठी येत नसे. ते भोकरला सापडलं. ज्ञानोबा नावाचा एक म्हातारा पूर्वी लग्नपत्रिका छापायचा, त्याच्या बंद पडलेल्या दुकानात एका खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. ज्ञानोबानं ते देताना दोन्ही हातांनी दिलं. ‘‘लई लग्नं लावली याच्यानं,’’ म्हणाला, ‘‘नीट ऱ्हा म्हणावं आता.’’

त्यानं बोर्डावरची फुटलेली बॅटरी काढून टाकली. तिच्यातून गळलेलं पाणी सगळीकडे पसरून तांबं हिरवं झालं होतं, ते लिंबाच्या रसानं, दाताच्या ब्रशानं एकेक बोट घासत गेला. तुटलेल्या रेषा केसाएवढ्या तारेनं सांधल्या. वीज देणारे दोन जोड लावताना काळ्या तारा शेजारीशेजारी आल्या पाहिजेत, उलटं झालं तर सगळं जळतं. हे हातांनाच आठवलं, डोक्याला आठवायच्या आधी. दुपारी दुकानात कुणी नसायचं. शटर अर्धं ओढून तो बसायचा आणि हातांना ते सगळं जुनं वजन परत मिळायचं. हे हात पंचविशीतले होते. पत्र्याखाली मार्चमध्ये खोली तापायची, बनियन अंगाला चिकटायचं, टेबलफॅन माणसाकडे नाही तर मशीनकडे वळवून ठेवलेला असायचा. मन्मथ दाराशी उभा राहून विचारायचा, ‘‘झालं का रे?’’ आणि झाल्यावर दोघं खाली जाऊन मिरचीभजी खायचे. ते दिवस वाईट नव्हते, ही गोष्ट त्याला बोचत होती. इतक्या वर्षांच्या रागात त्यानं ते दिवसही टाकून दिले होते, आणि आता ते हातांच्या वाटेनं परत येत होते. मन्मथ पैलवानासारखा हसायचा. मन्मथनं त्याला कधी ताट वेगळं लावलं नाही. मन्मथला प्रोग्राममधलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. कळफलकावर अक्षर शोधायला त्याला अर्धं मिनिट लागायचं.

डिस्क सुरू होईना. आतली चकती बसून राहिली होती. नागसेननं ती तळहातावर धरून मनगटाला एक झटका दिला, आणि तिसऱ्या झटक्याला आत काहीतरी सुटलं. मग तो आवाज आला, खालून वर चढत जाणारी ती बारीक शीळ, आणि बोर्डानं एकदाच ‘टिक्’ केलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. बॅटरी नसल्यानं यंत्राला काळवेळ ठाऊक नव्हती; ते दर वेळी तारीख विचारायचं, आणि आपण टाकू ती खरी धरायचं. त्यानं त्या दिवशीची तारीख टाकली. ‘गुणवंत’ उघडलं. शाळेचं नाव आलं, विद्यार्थ्याचं नाव आलं, विषय, गुण, शेरा. तळाशी काही नव्हतं. ते त्याला अपेक्षितच होतं; मन्मथनं काढलेली ओळ तिथे कशी असेल? पण प्रोग्राम आतून उघडला तर कुठेतरी खूण राहिली असेल, असं त्याला वाटत होतं. खरं तर त्या खुणेसाठीच तो भंगारात फिरला होता. त्यानं प्रोग्राम उघडला.

वरच त्याच्या नोंदी होत्या. प्रोग्राममध्ये काही बदल केला की तारीख घालून एका ओळीत लिहून ठेवायची त्याची सवय होती, आणि इतर लोक इंग्रजीत लिहीत असताना तो हट्टानं मराठीत लिहायचा. ‘टक्केवारी दुरुस्त केली. ना. सो.’ ‘श्रेणी वाढवली. ना. सो.’ आणि त्याखाली : ‘१२ मार्च ९७. तळातली ओळ काढली. ना. सो.’

त्यानं ती ओळ वाचली आणि उठून दुकानाबाहेर आला. समोर रिक्षावाले भांडत होते. तो त्यांच्याकडे बघत उभा राहिला. कुणीतरी माझ्या नावानं लिहिलं असेल. कोण? त्या खोलीत दोघंच होते. मन्मथला प्रोग्राममधलं एक अक्षर लिहिता येत नव्हतं. हे त्याला सत्तावीस वर्षं माहीत होतं. रोज माहीत होतं. आणि मार्चमध्ये तर मन्मथ लातुरात नव्हताच. त्याच्या वडिलांचं ऑपरेशन होतं, तो महिनाभर हैदराबादला होता. नागसेन आत आला, पंख्याखाली बसला. मग ती दुपार आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती इतकी वर्षं दाराशीच बसून असावी तशी उठून आत आली.

उदगीरकडच्या एका शाळेत तो दोन महिने जात होता. हेडमास्तर शेषेराव गुरुजी त्याला ‘साहेब’ म्हणायचे, आपल्या शेजारी बसवून कपबशीतून चहा पाजायचे. त्यांनी त्याला मन्मथचा पाहुणा, त्याच्याच जातीतला, धरलं होतं आणि नागसेननं ते तसंच धरू दिलं होतं. पहिली गुणपत्रकं छापून आली. गुरुजींनी चष्मा वर करून तळ वाचला. ‘‘सोनकांबळे. म्हणजे कुठले?’’ नागसेन म्हणाला, ‘‘उदगीरचेच. वडील मोंढ्यात हमाली करतेत.’’ गुरुजी ‘असं असं’ म्हणाले, चांगल्या आवाजात म्हणाले. थोड्या वेळानं चहा आला. सगळ्यांना कपबशी आणि त्याला स्टीलचा पेला. शिपायानं तो नुसता पुढ्यात ठेवला, कुणी काही बोललं नाही. पेला तापला होता, धरवत नव्हता. त्यानं तो रुमालात धरून प्यायला, सगळा. निघताना गुरुजी हळूच म्हणाले होते, ‘‘खालचं नाव असू द्या, माझं काही न्हाई. पण पालक इचारतेत, हे कोण म्हणून. बघा.’’ त्यानं हे मन्मथला फोनवर सांगितलं होतं. मन्मथ म्हणाला होता, ‘‘गुरुजी म्हणतेत तर... तू बघ बाबा. तुझं नाव हाय, मी काय सांगू.’’ बस एवढंच. तू बघ. मग बारा तारखेला, पत्र्याखाली, त्यानं बघितलं. एक ओळ होती. ती खोडायला दोन बटणं लागली. आणि त्याला बरं वाटलं. राग आला नव्हता, रडू आलं नव्हतं. उन्हातून आल्यावर पायातली चप्पल काढावी तसं बरं वाटलं होतं. पुढच्या आठवड्यात देगलूरच्या शाळेत गेला तेव्हा त्यानं नुसतं ‘नागसर म्हणा’ सांगितलं. कुणी पुढचं विचारलं नाही. चहा कपबशीत आला. तो त्यानं बशीत ओतून, फुंकर मारत, चवीनं प्यायला होता.

भांडण खरं होतं. पण ते पुढच्या वर्षीचं, आणि वेगळ्याच गोष्टीवरून. मन्मथ म्हणाला होता, ‘‘तळाशी जागा रिकामी दिसायलीय, तिथं माझं टाक.’’ नागसेन ताडकन उठला होता. नाही म्हणाला, पिशवी भरली, निघाला. नांदेडच्या बसमध्ये बसेपर्यंत दोन्ही गोष्टींची एक गोष्ट झाली होती. ती लग्नानंतर मनिषाला सांगताना आणखी गुळगुळीत झाली, आणि लेकीला सांगताना तिच्यात कुठे सांधा होता हे त्यालाही सापडेनासं झालं.

दोन दिवस त्यानं यंत्राला हात लावला नाही. मनिषानं विचारलं, ‘‘नाव निघालं का हो?’’ तो म्हणाला, ‘‘काम चालू हाय.’’ धम्मप्रियाचा फोन आला, तिनं रजा टाकली होती. लातूरच्या कार्यक्रमाची छापील पुस्तिका तिनं मागवून घेतली होती आणि तिच्यात कुठेही पप्पांचं नाव नव्हतं. ‘‘बघतेच मी त्यांच्याकडं,’’ ती म्हणाली. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं शटर अर्धं ओढलं. यंत्रानं तारीख विचारली. त्यानं टाकली : १४ ऑगस्ट ९६, बदल जुनाच दिसावा म्हणून. यंत्रानं ती निमूट घेतली. त्यानं प्रोग्राम उघडला, बारा मार्चची नोंद खोडली, आणि तळाशी ती ओळ परत लिहिली. संगणक रचना : नागसेन व्यंकटी सोनकांबळे. बोटं चुकली नाहीत. आपण खोटं काय लिहितो आहोत? प्रोग्राम आपलाच, नाव आपलंच, बापाचं नाव तेच. एकही अक्षर खोटं नव्हतं, आणि तरी त्याच्या कपाळावर घाम होता, चोराच्या असतो तसा.

लातूरला सभागृह भरलं होतं. धम्मप्रिया पुण्याहून सकाळीच पोचली होती. निळा कुर्ता घालून दुसऱ्या रांगेत बसली होती. मन्मथ पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, वजन वाढलेला, केस रंगवलेले. त्यानं नागसेनला मिठी मारली. मिठीला अत्तराचा वास होता आणि खाली तोच जुना घामाचा वास. एका विद्यार्थिनीनं बटण दाबलं, मोठ्या पडद्यावर गुणपत्रक उमटलं आणि तळाशी ती ओळ. सभागृहात टाळ्या वाजल्या. त्या यंत्र चालू झालं म्हणून होत्या. धम्मप्रिया उभी राहिली. तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जात होता. ‘‘सर, पडद्यावर नाव माझ्या वडिलांचं आहे. तुमच्या पुस्तिकेत ते कुठेच नाही. का नाही?’’ नागसेननं मन्मथच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मन्मथ पडद्यावरची ओळ वाचत होता. त्यानं ती दोनदा वाचली असावी. मग तो माईकपाशी आला आणि मऊ आवाजात म्हणाला, ‘‘बाळ, चूक झाली. ‘गुणवंत’ नागसेननंच लिहिलं. सगळंच्या सगळं. मी फक्त विकत फिरलो. हे मी आधीच सांगायला पाहिजे होतं.’’ आणि त्यानं हात जोडले. या वेळच्या टाळ्या थांबेनात. धम्मप्रियाचे डोळे भरले होते. नागसेनला वाटलं, हा माणूस भांडला असता तर बरं झालं असतं.

नंतर मुलं यंत्राभोवती गोळा झाली, फोटो निघाले. गर्दी पांगल्यावर मन्मथ त्याच्याशेजारी येऊन उभा राहिला. पडद्याकडे बघतच, ओठ फारसे न हलवता बोलला. ‘‘ही ओळ या डिस्कवर नव्हती, नागसेन. मी हैदराबादहून आलो तवा तुला इचारलं बी होतं, नाव खरंच काढलंस का रे. तू म्हणलास, ऱ्हाऊ दे, असंच बरं हाय.’’ नागसेननं यंत्राची तार सरळ केली. ‘‘मी तवा पुन्हा टाक म्हणायला पाहिजे होतं. न्हाई म्हणलो. मला बी सोपं गेलं ते.’’ मग त्यानं नागसेनच्या पाठीवर हात ठेवला, जड, उबदार. ‘‘आता टाकलीस, बरं केलंस. चांगलं दिसायलंय.’’ आणि तो पुढच्या पाहुण्यांकडे वळला. धम्मप्रिया धावत आली. ‘‘काय म्हणाले ते?’’ ‘‘चांगलं दिसतंय म्हणाले.’’

नांदेडच्या बसला खिडकीची जागा मिळाली. धम्मप्रिया सारखी मोबाइल पुढे करून दाखवत होती. तिनं टाकलेला फोटो शेकडो लोकांनी पाहिला होता, कुणी जयभीम लिहिलं होतं, कुणी लिहिलं होतं की इतिहास लपत नाही. अहमदपूर गेलं. बाहेर सोयाबीन काढून झालेली रानं उघडी पडली होती. ती म्हणाली, ‘‘पप्पा, आज मला कसं वाटतंय सांगू?’’ आणि तिनं सांगायच्या आत नागसेन म्हणाला, ‘‘धम्मा, ती ओळ मी गेल्या महिन्यात टाकली.’’

तिला आधी कळलं नाही. त्यानं सगळं सांगितलं. स्टीलचा पेला, बारा मार्च, देगलूरची कपबशी. सांगताना तो पुढच्या सीटच्या दांड्याकडे बघत होता. तिनं मोबाइल मांडीवर पालथा ठेवला. मग म्हणाली, ‘‘पण त्यांनीच तुम्हाला तसं करायला लावलं. त्या लोकांनी.’’ ‘‘हाव,’’ तो म्हणाला. ‘‘लावलं. पण मला बरं वाटलं होतं, धम्मा. ते कुणी लावलं न्हाई.’’ बस एका वळणावर कलली. तिनं खालच्या आवाजात विचारलं, ‘‘आजोबांना काय सांगितलं तेव्हा?’’

हा प्रश्न त्याला कुणी कधी विचारला नव्हता. त्याचा बाप पहिलं छापलेलं गुणपत्रक घडी करून बंडीच्या खिशात घालून हिंडायचा, मोंढ्यातल्या शिकल्यासवरल्या माणसाला गाठून तळाची ओळ वाचून घ्यायचा, आणि ‘व्यंकटी’ आलं की म्हणायचा, ते मीच. दुसऱ्या वर्षीचं नवं गुणपत्रक त्यानं मागितलं तेव्हा त्याच्यावर बोट फिरवत म्हणाला होता, आमची ओळ कुठंय बाबा? ‘‘मी सांगितलं,’’ नागसेन म्हणाला, ‘‘की औंदा कागद लहान आलाय. खाली जागा उरत न्हाई.’’

‘‘आणि ते?’’

‘‘म्हणला, असंल. आन् पुन्हा कधी इचारला न्हाई. त्याला कळलं का न्हाई, मला ठाऊक न्हाई.’’

धम्मप्रियानं मान फिरवली. तिच्या मांडीवरचा मोबाइल वाजायला लागला. मनिषाचा फोन होता. ती सकाळपासून वाट बघत असणार. तिनं स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. धम्मप्रियानं फोन उचलला, आणि बसच्या एवढ्या आवाजातही नागसेनला ते ऐकू आलं, ‘‘झालं का गं? दिसलं का नाव? काय म्हणाला तो?’’ धम्मप्रियानं फोन बापासमोर धरला.

‘‘तुम्हीच सांगा,’’ ती म्हणाली.

त्यानं फोन घेतला. पलीकडे मनिषा हॅलो हॅलो म्हणत होती. मागे शाळा सुटल्याचा गलका होता, आणि तिच्याभोवती उभं राहून आणखी कुणीतरी बाया ऐकत असाव्यात.